डावीकडचा खिसा

१६ फेब्रुवारी, सोमवार

मोठा उपास सुरू. या वर्षी निश्चय पक्का आहे. गेल्या वर्षीही पक्का होता, पण तेव्हा मला मूळव्याध होती. ते वर्ष धरायचं नाही.

दुपारी तीनपर्यंत पाण्याचा थेंब नाही. मग फक्त तेलातलं. दूध, तूप, चीज, अंडं, मांस, मासा ईस्टरपर्यंत बंद. राग बंद. निंदा बंद. झोपण्यापूर्वी दंडवत. ही वही फक्त माझ्यासाठी, आत्म्याची प्रगती तपासायला. शाळा तपासण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, मग स्वतःला तपासायला काय अवघड आहे?

काल मिस्सेत आमचे म्हातारे धर्मगुरू अबूना मत्ताऊस यांना वेदीवरचा प्याला दिसलाच नाही. हात हवेत चाचपडला. डोळे गेलेच म्हणायचे. सगळ्या चर्चनं पाहिलं, आणि सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न आला: आता पुढचा अबूना कोण?

मी तो प्रश्न ताबडतोब मनातून काढून टाकला.

तीन वाजता पुन्हा आला. फूल नावाची घेवड्याची उसळ आणि कांदा खाताना. पुन्हा काढला.

१७ फेब्रुवारी

अकराला ऑफिसात चहा घेतला. डोकं दुखत होतं, म्हणजे हे औषध झालं. दूध घातलं नाही, हे महत्त्वाचं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

रमझानही लागला. समोरच्या टेबलावरचा उस्ताद रिफ्अत आता सूर्य बुडेपर्यंत कडक, आणि वर माझ्याकडे सहानुभूतीनं बघतो. म्हणाला, तुमचं बरं आहे उस्ताद हिल्मी, तुम्ही तीनला सुटता. यात टोमणा होता. मी तो हसून पोटात घातला आणि मग त्याला शांतपणे समजावलं, की तुमचं महिन्यात आटोपतं, आमचं जवळजवळ दोन महिने चालतं, आणि संध्याकाळी आम्ही बदकाच्या तंगड्या तोडत बसत नाही. तो म्हणाला, देव दोघांचंही मान्य करो. असं बोलून माणसं वाद बंद पाडतात.

चहा आता जिन्याखाली उभं राहून घ्यावा लागतो. दोन धर्मांपासून लपून.

२१ फेब्रुवारी

अबूनांकडे पापनिवेदनाला गेलो. रागाचं सांगितलं, चहाचं सांगितलं. ते म्हणाले, हिल्मी, हे झालं तोंडाचं. आतलं काय? मी म्हटलं, आत सगळं ठीक आहे. त्यांनी थोडा वेळ माझ्या दिशेनं तोंड ठेवलं. दिसत नसताना माणसानं असं बघू नये.

मग सहज विषय निघाला (मी काढला) की तुम्ही अबूना कसे झालात. ही गोष्ट आमच्या सगळ्या मल्लावी गावाला पाठ आहे. जुने सय्यदना, म्हणजे बिशप, त्यांना शोधत आले तेव्हा हे शेतातल्या कबुतरांच्या बुरुजात लपून बसले होते. दोन दिवस. शेवटी चौघांनी ओढून काढलं, आणि दाढीत पिसं असताना सय्यदनांनी डोक्यावर हात ठेवला. आमच्याकडचा जुना रिवाजच तो: ज्याला हवंय त्याला द्यायचं नाही, जो पळतो त्याला धरून आणायचं.

घरी येताना रिवाजावर चिंतन केलं. फार खोल आहे तो.

२४ फेब्रुवारी

लोक काय बोलतात यात मला रस नाही. तरी कानावर येतंच. वाण्याच्या दुकानात दोन नावं चालली आहेत. एक माझं. दुसरं दोक्तोर सिद्राकचं.

सिद्राकचं मेडिकल दुकान चर्चच्या कोपऱ्यावर. माणूस वाईट नाही, हे मी आधीच लिहून ठेवतो. पण भजनात वरचा सूर लावतो आणि खाली पडतो. मिस्सेला येताना वाटेत सूर्यफुलाच्या बिया फोडत येतो, सालं थेट पायरीपर्यंत. बाईनं पोटदुखीची गोळी मागितली तर गोळीबरोबर एक विनोद देतो. अशा माणसाच्या हाताचं चुंबन कोण घेईल? मी निंदा करत नाही, निरीक्षण करतो आहे.

१ मार्च, रविवार

आज परीक्षेचा रविवार. वाळवंटात सैतान येतो, आधी भाकरीचा मोह घालतो, मग उंचावरून उडी टाकायला सांगतो, मग जगातली सगळी राज्यं दाखवतो. मी स्वतःला एकेक करून लावून पाहिलं. भाकरीत मी पास. (गुरुवारचं ते मिश होतं. वर्षभर माठात मुरलेल्या वस्तूला चीज म्हणणं हा अतिरेक आहे.) उंचावरून उडी टाकायचा मोह मला कधीच झालेला नाही, मला चक्कर येते. राहिली राज्यं. ती मला कुणी दाखवलीच नाहीत.

मिस्सेनंतर निरोप वाचून दाखवला. बावीस तारखेला सय्यदना स्वतः येणार, लोकांना विचारणार, आणि ईस्टरनंतर नव्या अबूनाला दीक्षा देणार.

मी उठून मागच्या बाकावर जाऊन बसलो. हे नम्रतेमुळे.

४ मार्च

नकाराचा सराव सुरू केला.

नकार तीन द्यायचे. एक दिला तर लोकांना वाटतं, रीत पाळतोय. दोन दिले तर वाटतं, विचार करतोय. तिसऱ्याला बिशप म्हणतात, पुरे, आणि डोक्यावर हात ठेवतात. पहिला नकार आश्चर्याचा, हात छातीवर. दुसरा डोळे भरून. तिसरा मुका, मान खाली. मुका सगळ्यात अवघड, कारण मान किती खाली घालायची ते ठरत नाही. जास्त घातली की आरशात फक्त टक्कल दिसतं.

मादलेननं न्हाणीघराचं दार वाजवलं. आत कोण आहे, कुणाशी बोलतोस? मी म्हटलं, कुणाशी नाही. मी म्हणत होतो की मी लायक नाही. ती म्हणाली, बरं, पण बादली मोकळी कर.

बायकोला पूर्वतयारी हवी, कारण रिवाजाप्रमाणे बिशप तिलाही विचारतात. तिची संमती नसेल तर दीक्षा नाही. म्हणून जेवताना स्पष्ट सांगितलं: मादलेन, उद्या कुणी विचारलं तर माझं एकच म्हणणं आहे, मी या कामाला लायक नाही. ती म्हणाली, बरं.

इतक्या सहज ‘बरं’ म्हणायचं कारण समजलं नाही.

८ मार्च, रविवार

उधळ्या मुलाचा रविवार. मोठ्या भावावर अन्याय झाला हे माझं जुनं मत आज आणखी पक्कं झालं.

१० मार्च

हे लिहावं की नाही असं वाटलं, पण वही माझीच आहे.

अम्म लबीब शिंप्याकडे गेलो. काळा झगा शिवायला टाकला, अबूना घालतात तसा. दूरच्या मित्रासाठी, असं सांगितलं. त्यात खोटं नाही. जो मी होणार आहे तो आजच्या मला दूरचाच आहे. आयत्या वेळी भलत्याचा आखूड झगा घालून वेदीपुढे उभं राहणं हा वेदीचा अपमान. कापड चांगलं घेतलं, जाड, पण पडणारं.

अम्म लबीबनं विचारलं, मित्राचं माप? मी म्हटलं, माझंच घ्या. खिसा? मी म्हटलं, एकच, डावीकडे. त्यानं चष्म्यावरून पाहिलं. मित्रही डावरा का? मी म्हटलं, हो, योगायोग.

शाळेत डाव्या हातानं लिहितो म्हणून बोटांवर पट्ट्या खाल्ल्या. आख्ख्या मल्लावीला माहीत आहे. पण रुमाल काढायला कुठला हात जातो हे वयाच्या बावन्नाव्या वर्षी बदलत नाही.

२० मार्च, शुक्रवार

त्यांची ईद. उस्ताद रिफ्अतनं घरी काहक पाठवलं, बायकोच्या हातचं, तुपात न्हालेलं, वर पिठीसाखर. मादलेननं डबा झाकून वरच्या फळीवर ठेवला, ईस्टरनंतर खाऊ म्हणाली. पण शेजाऱ्यानं प्रेमानं दिलेलं बंद करून ठेवणं मला पटेना. प्रेम नियमापेक्षा मोठं, हे कुठल्याही संताला विचारा. शेजाऱ्याच्या प्रेमाखातर एक खाल्लं. त्याच्या बायकोच्या प्रेमाखातर दुसरं.

पिठीसाखर मिशीला राहिली होती. मादलेननं ती रुमालानं पुसली आणि डब्यातली उरलेली मोजली. 

२२ मार्च, रविवार

घाईत लिहितोय. अक्षर वाईट.

आज पक्षाघाती माणसाचं वाचन होतं. तळ्याच्या काठी अडतीस वर्षं पडून असतो आणि त्याला पाण्यात उतरवायला कुणी नसतं. मी ते ऐकताना रडलो. मला इतकं समजलेलं दुसरं वाचन नाही.

मिस्सा संपली. सय्यदना खुर्चीत बसले आणि म्हणाले, बोला, तुमच्या मनात कोण आहे. मागच्या बायकांनी एकदम सिद्राकचं नाव घेतलं, चार-पाच आवाज, ठरवल्यासारखे. मग शांतता. मी जमिनीवरची फरशी बघत होतो. फरशीला एक चीर आहे, ती वेदीपर्यंत जाते, हे आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. कुणीच बोलेना. माझा सख्खा मावसभाऊ पुढच्या बाकावर, तो खोकला आणि भजनाचं पुस्तक उघडून बसला. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात एकानं माझं नाव घेतलं. उस्ताद हिल्मी, म्हणाला, त्यांना नियम सगळे पाठ आहेत. वळून पाहिलं तर सिद्राक.

यात त्याचा काहीतरी डाव असणार.

मी उभा राहिलो. पहिला नकार दिला, हात छातीवर. उत्तम झाला. आवाज नेमका तुटायचा तिथे तुटला. सय्यदनांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग सिद्राककडे पाहिलं. तो लाल झाला, हसला, पायाकडे बघत राहिला. नकार नाही. एकही नाही. लाज नावाची गोष्ट असते.

सय्यदना म्हणाले, या आठवड्यात मी दोघांच्या घरी येईन.

२३ मार्च

रजा टाकली. सकाळपासून बैठकीत बसलो आहे. मादलेनला चांगले कप काढायला सांगितले. दार वाजलं, दुसऱ्या नकाराचे डोळे भरून उघडलं. गॅसवाला. त्यानं विचारलं, घरी कुणी गेलं का?

दुपारी पुन्हा वाजलं. वीजबिलवाला. या वेळी डोळे भरले नाहीत, वाया घालवायचे नव्हते.

संध्याकाळ झाली. कोणी आलं नाही. मादलेन शेंगा सोलत होती. म्हणाली, हिल्मी, सरळ विचारते, तुला हवंय का हे? मी म्हटलं, मी लायक नाही. ती म्हणाली, ते ऐकलं. हवंय का? मी म्हटलं, लायक नसलेल्या माणसाला हवं-नको कुठून असणार. तिनं शेंगा पुन्हा हातात घेतल्या.

मी उत्तर फार चांगलं दिलं. दोन नकार एकाच वाक्यात.

२४ मार्च, मंगळवार

सिद्राकचं दुकान बंद. शटर खाली, कुलूप. वाणी म्हणाला, पहाटेच कुठंतरी गेला, सांगून गेला नाही.

पळाला.

मला खाली बसावं लागलं. मी इथे बैठकीत कप मांडून वाट बघतोय, आणि तो पळून गेला! रिवाज पाळला! बुरुजात लपला असेल, पिसांत. उद्या त्याला चौघे ओढून आणतील आणि मी दार उघडून म्हणेन, या सय्यदना, चहा घ्या. बिया फोडणारा माणूस इतका खोल असेल असं वाटलं नव्हतं.

अजून वेळ गेलेली नाही. बेनी सुएफला बहिणीकडे पळायचं ठरवलं. वाण्याला सांगितलं की मी बेनी सुएफला पळतोय, कुणाला सांगू नका. घंटेवाल्याला सांगितलं. ऑफिसात फोन करून रिफ्अतला सांगितलं, तो म्हणाला, पोलिसांचं काही लफडं आहे का?

मादलेनला नीट समजावलं. सय्यदना आले तर सांग, तो पळाला. कुठे ते सांगू नकोस. पण त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं तर सांग. ती म्हणाली, म्हणजे सांगू की नको? मी म्हटलं, इतकी वर्षं माझ्याबरोबर काढलीस, तुला समजायला हवं.

२५ मार्च, बेनी सुएफ

बहीण एन्साफ. तिनं विचारलं, मादलेनशी भांडलास? मी म्हटलं, मी एका मोठ्या जबाबदारीपासून पळतो आहे. ती म्हणाली, ते तू लहानपणापासून करतोस, आता जेव.

गच्चीवर तिचं कबुतरांचं खुराडं आहे. दिवसभर त्याच्याशेजारी बसलो. फोन उशाशी, आवाज पूर्ण. खांद्यावर दोन पिसं पडली, ती झटकली नाहीत. आणायला येतील तेव्हा असू देत.

२६ मार्च

फोन एकदा वाजला. पहिल्याच घंटेला उचलला. रिफ्अत होता, गिरण्यांच्या शाळेचा तपासणी अहवाल कुठल्या कपाटात आहे ते विचारत होता.

कबुतरांच्या उवा असतात. ही गोष्ट अबूना मत्ताऊस सांगताना गाळतात.

२७ मार्च

फोन नाही. मी स्वतः वाण्याला लावला, साखरेचा भाव विचारायला. त्यानं भाव सांगितला. मग सहज म्हणाला, काल बिशपांची गाडी तुमच्या गल्लीत होती.

काल! आणि मादलेनचा फोन नाही. तिला लावला. म्हणाली, हो, आले होते, बसले, चहा घेतला, गेले. मी विचारलं, कुठे गेले? बेनी सुएफला निघाले का? ती म्हणाली, घरी ये, मग बोलू. मी विचारलं, तू काय सांगितलंस? ती म्हणाली, हिल्मी, घरी ये.

गच्चीवर जाऊन रस्त्याकडे बघत बसलो. काळी गाडी दिसली की उठायचो. बेनी सुएफमध्ये काळ्या गाड्या फार आहेत.

२९ मार्च, रविवार

काल परत आलो. पिसं बसमध्ये पडली असावीत.

मादलेननं मला बसवलं, पाणी दिलं, आणि जे झालं ते सांगितलं. शब्द न शब्द लिहितो, म्हणजे माझ्यावर झालेला अन्याय पुढे कुणी नाकारू शकणार नाही. (पुढे कुणी म्हणजे मीच. वही माझीच आहे.)

सय्यदनांनी विचारलं, हिल्मी कुठे? ती म्हणाली, पळाला. त्यांनी विचारलं, का? इथे तिनं असं उत्तर दिलं:

“सय्यदना, हिल्मी महिनाभर रोज सांगतोय की तो या कामाला लायक नाही. मला सांगतो, आरशाला सांगतो, वाण्याला सांगतो. खरं बोलत असेल तर त्याला ओढून नेऊ नका. आणि खोटं बोलत असेल, तर नेऊन काय करणार?”

सय्यदनांनी चहाचा कप खाली ठेवला, म्हणे. मग म्हणाले, मुली, बरोबर आहे तुझं. आणि दुसऱ्यांदा काहीही विचारलं नाही.

मी तिला विचारलं, आणि तुला खरं माहीत नव्हतं? तिनं हात पुसले.

“सोमवारी शेंगा सोलताना मी तुला दोनदा विचारलं. एकदा नुसतं ‘हो’ म्हणाला असतास ना, हिल्मी, तर मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून मागितलं असतं तुझ्यासाठी.”

माझी मान खाली गेली. तिसरा नकार, मुका, इथे निघाला. वाया.

आणि सिद्राक! तो पळाला नव्हताच. अबूना मत्ताऊसच्या डोळ्याचं ऑपरेशन अस्यूतच्या इस्पितळात एकाएकी ठरलं, त्यांना तो घेऊन गेला होता, आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिला होता. सय्यदनांनी तिथेच फोन केला. विचारलं, सिद्राक, तुला हवंय? तो म्हणाला, भीती वाटते, पण हवंय. आणि वर काय म्हणाला, तर शनिवारपर्यंत येता येणार नाही, अबूनांना अजून इस्पितळातून सोडलेलं नाही.

हवंय! थेट! मागून घेतलं! आणि सय्यदनांनी दिलं! हजार वर्षांचा रिवाज एका फोनवर मोडला.

आज जन्मांधाचा रविवार होता. अबूना एका डोळ्याला पट्टी बांधून पहिल्या बाकावर बसले होते. मला म्हणाले, हिल्मी, तू आज बारीक दिसतोस. एका डोळ्यानं.

५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

अम्म लबीब मिस्सेनंतर थेट आमच्याकडे. मी नसताना मादलेनला म्हणाला, उस्तादांच्या मित्राचा झगा तयार आहे, मित्र येणार कधी? नव्या अबूनाला झगा लागणारच, सणाच्या गर्दीत नवा शिवून होत नाही, तेव्हा उस्तादांच्या मित्राची हरकत नसेल तर हाच देऊ.

मी आलो तेव्हा झगा टेबलावर होता. मादलेननं विचारलं, कुठला मित्र? मी म्हटलं, सिद्राकच. मनात होतं, त्यालाच द्यायचा. आश्चर्याची भेट.

तिनं झगा उचलला, माझ्या खांद्यांना लावला. तंतोतंत बसला. मग घडी केली. सिद्राक माझ्यापेक्षा वीतभर बुटका आहे, ती म्हणाली. खालून कापायला सांगते.

७ एप्रिल

बातमी सगळीकडे. उस्ताद हिल्मींनी नुसता नकार दिला नाही, सिद्राकसाठी महिनाभर आधीच झगा शिवायला टाकला होता! केवढी दृष्टी! केवढं मन! वाण्यानं हात हातात घेतला. घंटेवाला म्हणाला, तुम्ही अबूना नसूनही अबूना. मी मान खाली घातली. आता नेमकी किती घालायची ते जमायला लागलं आहे.

एका अर्थी मी वर गेलो. मिळालेलं सोडणारे पुष्कळ असतात. न मिळालेलं सोडणारा विरळा.

१२ एप्रिल, ईस्टर

सणाचं मांस. चव लागली नाही. खात्री करायला पुन्हा घेतलं. तरी नाही.

३ मे, रविवार

दीक्षा. सय्यदनांनी हात ठेवला, आणि सगळं चर्च ओरडलं, अक्सिऑस, लायक आहे. महिनाभर हा शब्द मी वेगळ्या बाजूनं ऐकायचा सराव केला होता. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता असं तिघांनी सांगितलं. मादलेन बायकांच्या बाजूला होती. ती ओरडली नाही, माझ्याकडे बघत होती.

झगा छान पडत होता.

अबूना सिद्राक आता रीतीप्रमाणे चाळीस दिवस मठात. तेवढ्यात माझं मन शांत होईल. झालंच आहे.

१६ जून

परत आला. दाढी वाढली आहे. बिया फोडत नाही, पण सवयीनं जीभ फिरते. अबूना मत्ताऊसनी पापनिवेदन ऐकणं थांबवलं. त्यांच्याकडची सगळी माणसं नव्याकडे सोपवली. सगळी.

२० जून, शनिवार

हे नीट लिहितो.

संध्याकाळी गेलो. तयारी केली होती. काहकचं सांगायचं, चहाचं, रिफ्अतवर झालेल्या रागाचं. पंखा फिरत होता. तो माझ्याच झग्यात माझ्यासमोर बसला होता आणि घामानं निथळत होता. मी त्याला कापड जाड घेतल्याबद्दल क्षमा मागणार होतो, मग आठवलं की ते भेटीचं आहे.

काहकचं सांगितलं. तो हसला नाही. मला ते विचित्र वाटलं.

मग त्यानं रुमाल काढायला उजवा हात खाली नेला. खिसा तिथे नाही. हात पोटावरून डावीकडे नेला, वाकून, अडखळत रुमाल ओढून काढला. कपाळ पुसलं. पुन्हा तसाच ठेवला. मी सगळं पाहिलं. त्यानं मला पाहताना पाहिलं.

“हिल्मी,” तो म्हणाला, “खिसा डावीकडे आहे.”

मी म्हटलं, शिंप्याची चूक.

 पंखा फिरला. मी म्हटलं, अम्म लबीब म्हातारा झालाय, त्याला माप दिसत नाही. तो तसाच बसला. बोलला असता, विनोद केला असता, काहीही, तर मी उठून गेलो असतो. पण तो गप्प बसायला मठात शिकून आला आहे. बाहेर कुणीतरी बाक ओढला.

मग त्यानं विचारलं, तुला हवं होतं का?

मी म्हटलं, मी लायक नाही. तो म्हणाला, ते ऐकलं. अगदी मादलेनसारखं म्हणाला. दोघांनी ठरवलं नसेल हे मला माहीत आहे.

मी म्हटलं, नाही. हवं नव्हतं.

त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. जिथे सय्यदनांचा हात यायचा होता, तीच जागा. माझे डोळे भरले, ते दुसऱ्या नकारातले नव्हते. मला वाटलं आता प्रायश्चित्त सांगेल, दंडवत, उपास, काहीतरी मोजता येईल असं. त्यानं काही दिलं नाही. क्षमेची प्रार्थनाही म्हटली नाही. म्हणाला, पुढच्या शनिवारी ये. मीही हाच प्रश्न विचारीन.

मी विचारलं, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी? तो म्हणाला, मी इथेच असेन, हिल्मी, आता कुठे जातो.

घरी आलो. प्रेषितांचा उपास चालू आहे, मादलेन घेवड्याच्या फूलचं पातेलं उतरवत होती. काय प्रायश्चित्त मिळालं विचारलं. मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, म्हणजे सांगितलंच नाहीस.

पातेलं धरायला तिच्या हातात काळं फडकं होतं. जाड, वीतभर, घडीचं. झग्याची कापलेली पट्टी. टाकवेना म्हणाली, कापड चांगलं आहे. तिनं ते मला दिलं आणि पातेलं टेबलावर ठेवायला सांगितलं.

मी डाव्या हातानं धरलं. कापड महागाचं आहे, पण चटका बसतो.